गोळ्या महिन्याच्या, एसटी बंद : कोरोनात मनाच्या ओपीडीचं काय झालं?

सोयगाव तालुक्यातल्या एखाद्या गावातून घाटीत दाखवायला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. पहाटेची एसटी धरायची, अजिंठा, सिल्लोड, फुलंब्री करत शहरात उतरायचं, केसपेपर काढायचा, ओपीडीच्या रांगेत बसायचं, डॉक्टरांना दाखवायचं, खिडकीवरून गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पेशंटसोबत घरचं एक माणूस लागतंच. म्हणजे दोघांचं तिकीट आणि दोघांची मजुरी बुडाली. ताप-खोकला असेल तर ही वारी एकदाच करावी लागते. मनाचा आजार असेल तर महिन्याला एकदा, वर्षानुवर्षं.

मार्च 2020 मध्ये ही वारी एकाएकी थांबली. छत्रपती संभाजीनगरमध्ये (तेव्हाचे औरंगाबाद) 15 मार्चला कोरोनाचा पहिला रुग्ण समोर आला. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, लगोलग एसटी थांबली आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. त्या दिवशी कुणाच्या डब्यात वीस दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या, तर कुणाच्या चारच दिवसांच्या.

साथीमुळे लोक घाबरले, एकटे पडले, त्यांच्या मनावर ताण आला, यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. बोलायलाच हवं होतं. पण ज्यांचा आजार जुनाच होता आणि जे गोळ्यांवर व्यवस्थित चालले होते, शेतात जात होते, संसार करत होते, त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही. त्यांचा उपचार तुटला तो डॉक्टर नव्हते म्हणून नव्हे. तो तुटला गाडी, गोळी आणि सोबतचं माणूस या तीन गोष्टी एकाच वेळी अडल्यामुळे.

गोळी बंद केली की लगेच काही होत नाही

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, डिप्रेशन, फेफरं (मिरगी) या आजारांचे बहुतेक पेशंट घरीच राहून उपचार घेतात. भरती करायची वेळ थोड्यांवरच येते. राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. साथीच्या काळात मराठवाड्यात त्यातलं एकही नव्हतं. त्यामुळे इकडच्या माणसाचा सगळा भार ओपीडीवर असतो. सरकारी म्हणाल तर घाटीतला मनोविकृतीशास्त्र विभाग, चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात येतं ते. बाकी शहरातले खासगी डॉक्टर. घाटीत तर बुलडाणा, जळगाव, नगर जिल्ह्यातूनही लोक येतात.

या उपचाराची एक अडचण अशी की, गोळी बंद केल्याचा परिणाम बऱ्याचदा लगेच दिसत नाही. बीपीची गोळी सोडली तर मशिनवर आकडा दिसतो. स्किझोफ्रेनियाची गोळी सोडली तर पहिला आठवडा-पंधरवडा उलट बरं वाटतं. सुस्ती जाते, हातापायाला तरतरी येते. घरचे म्हणतात, बघा, गोळ्यांशिवाय चांगला चाललाय की. मग महिना-दोन महिन्यांनी झोप उडते, माणूस एकटाच बोलायला लागतो, भावकीतल्या कुणावर तरी संशय घेतो. तोपर्यंत गोळ्या कधी संपल्या होत्या हे घरच्यांच्याही लक्षात राहिलेलं नसतं.

प्रत्येक औषधाची तऱ्हा मात्र वेगळी. बायपोलरमध्ये देतात ते लिथियम एकदम थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत आजार जोरात उलटण्याचा धोका असतो. डिप्रेशनच्या काही गोळ्या अचानक सोडल्या की चार-पाच दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. माणसाला वाटतं गोळ्यांची सवय लागली, आणि तो पुन्हा हातच लावत नाही. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या रोज घेणाऱ्यानं त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. फेफऱ्याच्या गोळ्यांचं तर विचारायलाच नको. तिथं दोन दिवसांचा खंडही महागात पडतो. विहिरीवर, चुलीपुढं किंवा मोटारसायकलवर फिट आली तर काय होतं हे गावाकडं कुणाला सांगायची गरज नाही.

काही पेशंटना गोळ्यांऐवजी दोन ते चार आठवड्यांनी इंजेक्शन देतात. रोज गोळी घ्यायला नकार देणाऱ्यांसाठी ही चांगली सोय आहे. लॉकडाऊनमध्ये मात्र हीच माणसं जास्त अडकली, कारण गोळी निदान कुणाकरवी मागवता येते, इंजेक्शनला माणूस आणि सिस्टर समोरासमोर लागतात.

रस्ता एकदाच बंद झाला नाही

लॉकडाऊन म्हटलं की 2020 चा उन्हाळा आठवतो. पण या पेशंटांच्या दृष्टीनं रस्ता पुन्हा पुन्हा बंद होत गेला. 2020 च्या मे महिन्यात राज्यात काही ठिकाणी जिल्ह्यांतर्गत एसटी सुरू झाली, पण शहर रेड झोनमध्ये होतं. खासगी गाडीनं दुसऱ्या जिल्ह्यातून यायचं तर ई-पास लागायचा. 10 ते 18 जुलै दरम्यान शहरात आणि वाळूज परिसरात पुन्हा कडक लॉकडाऊन झाला. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी 20 ऑगस्टला सुटली, ई-पासची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली. गाड्या सुरू झाल्या तरी फेऱ्या कमी होत्या. मुक्कामी गाडी बंद म्हणजे सकाळी ओपीडीच्या वेळेत शहरात पोचणंच अवघड.

दुसरी लाट आली तेव्हा जिल्ह्यात 11 मार्च 2021 पासून अंशतः लॉकडाऊन होता आणि एप्रिलच्या मध्यापासून राज्यभर निर्बंध. ते उठतात न उठतात तोच ऑगस्टच्या अखेरीस कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावकडून येणाऱ्यांची वाट अडली. नोव्हेंबरमध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप चिघळला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. संप का झाला, कोण बरोबर, हा वेगळा विषय. पण कोरोना ओसरला, दवाखाने उघडले, डॉक्टर खुर्चीत बसले, आणि खेड्यातल्या पेशंटला न्यायला लालपरी नव्हती. काळी-पिवळीचं भाडं महिन्याला दोन माणसांचं परवडणारी घरं किती?

त्यात भीती होतीच. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय कोरोनासाठी ठेवलं होतं, घाटीतही कोरोनाचे गंभीर पेशंट होते. घाटीत गेलं की कोरोना घेऊन येतो, असं गावागावात म्हटलं जायचं. शहरातून आलेल्याला चौदा दिवस शाळेत ठेवलं जायचं. अशा वेळी घरातल्या शांत झालेल्या माणसासाठी, जो आता बरा दिसतोय, दोघांनी जीव धोक्यात घालून शहरात जायचं आणि परत आल्यावर शाळेत क्वारंटाईन व्हायचं, हे कोण करणार? लोकांनी गोळ्या अर्ध्या करून पुरवल्या, एक दिवसाआड दिल्या. त्यांना दोष देता येत नाही.

आठवडी बाजारही बंद होते, हे वरवर किरकोळ वाटेल. पण गावाकडं बरेच लोक दवाखान्याची तारीख बाजाराच्या दिवसाशी जोडूनच ठेवतात. बाजारच नाही तर तारीखही डोक्यातून जाते.

देवाचं दारही बंद, दारूचं दुकानही

मनाचा आजार झाला की पहिल्यांदा देवऋषी, दर्गा, जागृत ठाणं, मग डॉक्टर, हा क्रम आजही अनेक घरांत आहे. कुणाला पटो न पटो. आज अनेक डॉक्टर, तिकडं जायचं तर जा, पण गोळी सोडू नका, असं सांगून पुढं जातात. मार्च 2020 पासून पाडव्यापर्यंत, म्हणजे 16 नोव्हेंबरपर्यंत, राज्यातली प्रार्थनास्थळं बंद होती. दुसऱ्या लाटेत बंद झाली ती 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेच्या दिवशी उघडली. म्हणजे ज्याचा डॉक्टरवर विश्वास त्याचाही आधार गेला आणि ज्याचा देवावर त्याचाही.

दारूची दुकानं 25 मार्चपासून बंद झाली, ती काही ठिकाणी मेच्या पहिल्या आठवड्यात उघडायला लागली. यावर विनोद भरपूर झाले. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, फिट येते. यात माणूस दगावतोही. ही दवाखान्यात भरती करायची अवस्था आहे, घरात कोंडून ठेवायची नाही. अनेक घरांना हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

फोनवरचा डॉक्टर

लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, केंद्रानं टेलिमेडिसिनची नियमावली काढली. फोनवर, व्हिडिओवर तपासून औषध लिहून देणं कायद्यात कसं बसतं हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट झालं. 13 एप्रिलला ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स संस्था आणि मनोविकार तज्ज्ञांची संघटना यांनी मनाच्या आजारांसाठी वेगळ्या सूचनाही तयार केल्या.

नियम साधारण असा. पेशंट जुना असेल, आजार तोच असेल तर डॉक्टर साध्या फोनवरही आधीचीच औषधं पुढं चालू ठेवू शकतात. पहिल्यांदाच दाखवणाऱ्याला मनाच्या आजाराची बरीच औषधं सुरू करायची तर व्हिडिओवर बघावं लागतं. नार्कोटिक कायद्यात येणारी औषधं फोनवरून लिहिता येत नाहीत. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी चालतो.

जुन्या पेशंटला याचा खरंच उपयोग झाला. शहरात न जाता गोळ्या चालू राहिल्या. मुंबई-पुण्यातल्या सुशिक्षित घरांत तर समुपदेशनही व्हिडिओवर सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. गावात मात्र तीन ठिकाणी गाडं अडलं.

पहिलं म्हणजे कागद. केसपेपर कुठंतरी पिशवीत, पावसात भिजलेला, गोळीचं नाव पुसलेलं. पेशंट सांगणार, एक पांढरी, एक गुलाबी अर्धी. समोरच्या डॉक्टरनं यावरून काय लिहायचं?

दुसरं मेडिकल दुकान. गावातल्या दुकानात मनाच्या आजाराच्या गोळ्या सहसा ठेवतच नाहीत. खप नाही. झोपेच्या काही गोळ्यांची तर वेगळ्या रजिस्टरला नोंद करून ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं, म्हणून दुकानदार हातच लावत नाहीत. फोनवर चिठ्ठी मिळाली तरी गोळी तालुक्याला, नाहीतर शहरातच. शिवाय घाटीत जी गोळी फुकट मिळते ती इथं पैसे मोजून घ्यायची.

तिसरं सगळ्यात अवघड. फोनवर बोलायचं कुठं? घरात एकच स्मार्टफोन, तो पोराच्या ऑनलाईन शाळेला. दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, मुलं सगळे दिवसभर घरातच. सून डॉक्टरला काय सांगणार? ओपीडीत डॉक्टर सोबतच्या माणसाला सांगतात, तुम्ही जरा बाहेर थांबा. ती दोन मिनिटं बऱ्याच बायकांना वर्षातून तेवढीच मिळतात. फोनवर ती गेली. मारहाण होतेय का, जीव नकोसा वाटतो का, हे प्रश्न स्पीकर चालू असताना विचारता येत नाहीत आणि विचारले तरी उत्तर खरं मिळत नाही.

समोरासमोरची तपासणीही बदलली होती. मनाच्या डॉक्टरला माणसाचा चेहरा वाचावा लागतो. मास्कमध्ये निम्मा चेहरा झाकलेला. ज्याला आधीच सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, त्याच्यापुढं तोंड बांधलेली, चष्मा लावलेली माणसं आली तर त्याचं काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

ताप आला तर कोणती गोळी?

साथीनं आणखी एक गोष्ट पुढं आणली, जी गावपातळीवर आजही फार कमी लोकांना माहीत आहे. मनाच्या काही औषधांचं रक्ताच्या तपासणीशिवाय चालत नाही. लिथियमची रक्तातली पातळी ठराविक हद्दीत ठेवावी लागते. कमी झाली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विषबाधा. अंगातलं पाणी कमी झालं की ती वाढते. एप्रिल-मे मधलं मराठवाड्यातलं ऊन, त्यात ताप, त्यात जुलाब. त्यावर अंगदुखीसाठी दुकानातून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतली तर पातळी आणखी चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या, बोबडं बोलणं ही धोक्याची लक्षणं. साध्या तापाला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, तेही डॉक्टरला लिथियम चालू असल्याचं सांगूनच.

क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियात इतर औषधांना दाद न देणाऱ्यांसाठीचं औषध. त्यानं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. या औषधावर असलेल्याला ताप आणि घसादुखी झाली की पहिली शंका पेशी कमी झाल्याची घ्यायची असते. 2020 मध्ये ताप आणि घसादुखी म्हणजे कोरोना, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. लॅब बंद, नाहीतर कोरोनाच्या कामात. जगभरातल्या तज्ज्ञांनी तेव्हा जुन्या, स्थिर पेशंटांच्या रक्ततपासणीतलं अंतर तीन महिन्यांपर्यंत वाढवायला हरकत नाही असं सुचवलं. नव्या पेशंटला ती सूट नव्हती.

आणि बिडी. क्लोझापीन, ओलांझापीन घेणारा माणूस बिडी-सिगारेट ओढत असेल तर धुरामुळे औषध शरीरात लवकर जिरतं. पानटपऱ्या बंद झाल्या, बिडी तुटली की तोच डोस जास्त होतो आणि माणूस गुंगीत राहतो. बिडी सोडलीच पाहिजे, पण सोडताना डॉक्टरला सांगून. तंबाखू-गुटख्याचा असा परिणाम होत नाही, दोष धुराचा आहे. त्या उन्हाळ्यात घरातला माणूस नुसता झोपूनच राहतो असं ज्यांना वाटलं, त्यातल्या काहींच्या बाबतीत कारण हेही असू शकेल.

मोजमाप कुणी केलं?

जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2020 मध्ये 130 देशांची पाहणी जाहीर केली. 93 टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या एखाद्या तरी महत्त्वाच्या सेवेत खंड पडला होता. समुपदेशनात अडथळे आल्याचं 67 टक्के देशांनी सांगितलं, औषधं मिळण्यात अडचण आल्याचं 30 टक्के देशांनी. फोन-व्हिडिओचा आधार श्रीमंत देशांपैकी 80 टक्क्यांहून जास्त देशांनी घेतला, गरीब देशांपैकी निम्म्यांनाही तो जमला नाही. पुढं मार्च 2022 मध्ये याच संघटनेनं सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं आणि दुकान बंद.

आपल्याकडं परिस्थिती साथीच्या आधीही काही चांगली नव्हती. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणजे ओपीडीच्या रांगेत दिसतात ते दहातले एक ते तीन. एवढी खटपट करून पोचलेली तीच माणसं साथीनं मागं फेकली.

कोरोनाचे आकडे रोज सायंकाळी यायचे. किती बाधित, किती बरे, किती दगावले. सप्टेंबर 2020 च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघरी गेल्या, ताप बघितला, ऑक्सिजन बघितला, शुगर-बीपी विचारलं. उन्हातान्हात, शिव्या खात त्यांनी ते काम केलं. पण कुणाची मनाची गोळी तुटली याचा आकडा त्या सायंकाळच्या यादीत कधीच आला नाही. जो आजार दोन महिन्यांनी उलटतो तो साथीच्या खात्यावर लिहिला जात नाही. घरचं भांडण, बाहेरचं काहीतरी, पीक गेल्याचं टेन्शन, असं काहीतरी त्याचं नाव पडतं.

आज हाताशी काय आहे

मानसिक आरोग्य कायदा 2017 चा आहे आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 नुसार आवश्यक यादीतली मनाच्या आजाराची औषधं सरकारी ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या ठिकाणी, कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. म्हणजे सोयगावच्या माणसाला स्थिर झाल्यावर दर महिन्याला शहर गाठायची गरज पडू नये, अशीच कायद्याची अपेक्षा आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मानसिक आरोग्याचं पथक कोणत्या दिवशी येतं आणि आपली गोळी तिथं असते का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. विचारणारे वाढले तर साठाही वाढतो. जिथं गिऱ्हाईकच येत नाही ती गोळी कुणी मागवत नाही.

शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे, तो मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत 2015-16 मध्ये सुरू झाला. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्राची टेलिमानस ही चोवीस तासांची सेवा आहे, नंबर 14416, फुकट. साध्या फोनवरून लागतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, घरातलं कुणी तसं बोलत असेल, गोळ्या तुटल्या असतील, तर हा नंबर लावावा.

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. केसपेपरचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा, नाव दिसेल असा फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवावा. सात-आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघायची तयारी करावी, संपायची वाट बघू नये. पेशंट स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. जीवाचं बरंवाईट करण्याचा विचार येणाऱ्याच्या हाती मात्र एवढा साठा देऊ नये, तो घरच्यांनी कुलपात ठेवावा, फवारणीच्या औषधासारखाच. गोळ्या तुटलेल्याच असतील तर जुना डोस मनानं एकदम सुरू करू नये. काही औषधं, क्लोझापीन त्यातलंच एक, दोन दिवसांहून जास्त खंड पडला की पुन्हा थोड्यापासून चढवावी लागतात.

आणि गावातल्या मेडिकलवाल्याला एकदा चिठ्ठी दाखवून ठेवावी, की ही गोळी लागते, दोन पत्ते मागवून ठेव. गाडी बंद पडायला दरवेळी कोरोनाच लागतो असं नाही. पुरात पूल गेला तरी पुरतं.